तारतम्य कोणी बाळगायचे?

मुंबईत 'तारतम्य' हा शब्द मला अलीकडे मुख्यतः दोन ठिकाणी भेटतो. एक म्हणजे नागरिकांना केलेल्या आवाहनांत: आलेला संदेश पुढे पाठवताना तारतम्य बाळगावे, भरतीच्या वेळी समुद्रावर जाताना तारतम्य बाळगावे, मंडपात ध्वनिक्षेपक लावताना तारतम्य बाळगावे. दुसरे ठिकाण म्हणजे वर्तमानपत्रांचे स्फुट, जिथे एखाद्या पुढाऱ्याची जीभ घसरली की 'बोलताना तारतम्य सुटले' असे लिहिले जाते. दोन्हीकडे अर्थ जवळपास 'संयम' एवढाच उरला आहे, आणि दोन्हीकडे तो उपदेश म्हणून येतो. ज्याच्या सहीने कोणाचे दुकान राहते किंवा जाते, कोणाचा अर्ज मंजूर होतो किंवा पडून राहतो, त्या खुर्चीने तारतम्य बाळगावे असे सांगणारे वाक्य मात्र आपल्या सरकारी मराठीत शोधावे लागते. खुर्चीसाठी आपण वेगळाच शब्द रूढ केला आहे, तो म्हणजे 'स्वेच्छाधिकार'. निर्णयाची कुवत दाखवणारा शब्द ज्याच्याकडे अधिकार नाही त्याला दिला गेला, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला इच्छा दिली गेली. या वाटणीने आपल्या सार्वजनिक जीवनाचे नुकसान केले आहे, असे मला वाटते.

शब्दाची घडण आधी पाहिली पाहिजे, कारण मला जे म्हणायचे आहे ते तिच्यातच आहे. संस्कृतात दोहोंची तुलना करताना विशेषणाला 'तर' लागतो आणि अनेकांतून एक निवडायचे असेल तर 'तम' लागतो. लसावि-मसावि शिकताना 'लघुतम' आणि 'महत्तम' प्रत्येक मुलाच्या कानावरून जातात, मधले 'लघुतर' मात्र वर्गात सहसा कोणी उच्चारत नाही. या 'तर' आणि 'तम'ला शेजारी ठेवून त्यांचेच भाववाचक नाम केले, ते तारतम्य. 'विवेक' या शब्दात विच्, म्हणजे वेगळे करणे, हा धातू आहे. 'परीक्षा' आणि तिच्यापासून आलेली आपली 'पारख' यांच्या मुळाशी ईक्ष्, म्हणजे पाहणे, हा धातू आहे. तारतम्याच्या पोटात धातूच नाही. त्यात काय पाहायचे, काय वेगळे करायचे याबद्दल एक अक्षरही नाही. फक्त कमीअधिकाची पट्टी आहे. म्हणूनच या शब्दावर एक बंधन आपोआप येते. एकट्या वस्तूला 'तर' लागू शकत नाही, त्यासाठी दुसरी वस्तू शेजारी असावी लागते. ज्याने एकच प्रकरण पाहिले आणि मनाला आले तसे ठरवले, त्याचा निर्णय योगायोगाने बरोबर ठरला तरी त्याने तारतम्य वापरले असे म्हणता येणार नाही.

मराठीत चांगल्या निर्णयबुद्धीसाठी शब्दांची वाण नाही. पारख असते ती वस्तूची किंवा माणसाची. सराफाला सोन्याची, शेतकऱ्याला बैलाची. विवेक योग्य-अयोग्य वेगळे करतो, आणि त्याला नीतीचा वास असतो. 'सारासार विचार' फोल टाकून दाणा ठेवतो. 'चाणाक्ष' माणूस बहुधा स्वतःचा फायदा लवकर ओळखतो. 'पोच' हा तर खास घरगुती शब्द. कुठे काय बोलू नये हे ज्याला कळत नाही त्याला पोच नाही असे आपली आजी म्हणत असे. या सगळ्यांत तारतम्याचे काम वेगळे आहे, कारण ते दोन्ही बाजूंना काही खरे आहे हे मान्य करूनच सुरू होते. बरे आणि वाईट यांत निवड करायला विवेक पुरतो. दोन बऱ्या गोष्टींपैकी आज कोणती आधी, दोन चुकांपैकी कोणती मोठी, नियम एकच असला तरी या दोन माणसांवर त्याचा भार सारखा पडतो का, हे ठरवायला तारतम्य लागते. महापालिकेच्या, तहसीलदाराच्या, शाळेच्या किंवा गृहनिर्माण सोसायटीच्या टेबलावर जे प्रश्न रोज येतात ते बहुतेक याच दुसऱ्या जातीचे असतात.

या शब्दाचा एक जुना अर्थ लपवण्यात अर्थ नाही. तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांच्या द्वैतमतात तारतम्य म्हणजे देवतांची आणि जीवांची ठरून गेलेली उतरंड. तिथे ते कोणी करायचे काम नाही, विश्वाची रचना आहे. ज्या समाजात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना श्रेणीबद्ध विषमतेचे वर्णन करावे लागले, त्या समाजात 'कमीअधिक' हा शब्द माणसांना लावला की काय होते हे वेगळे सांगायला नको. मराठीने मात्र तो शब्द उतरंडीतून काढून माणसाच्या डोक्यात आणून ठेवला. आपण तारतम्य 'बाळगतो', 'ठेवतो', आणि ते 'सुटते'. म्हणजे ते जगात आयते मांडलेले नाही, सांभाळावे लागते. माझ्या मते हा आपल्या भाषेने केलेला मोठा बदल आहे, आणि त्याची अट एवढीच की तुलना प्रसंगांची, गरजांची आणि परिणामांची व्हावी. ती माणसांच्या वजनाची झाली, समोर कोण आले आणि कोणाची चिठ्ठी घेऊन आले यावर निर्णय फिरला, की आपण पुन्हा उतरंडीवर जातो.

मुंबईपुरती आणखी एक नोंद करावीशी वाटते. हिंदीत याच शब्दाचा अर्थ सरकून 'सुसंगती, क्रम, मेळ' असा झाला आहे, आणि या शहरात दोन्ही भाषा एकाच डब्यात उभ्या असल्यामुळे 'दोन खात्यांत तारतम्य नाही' असे मराठी वाक्य आता ऐकू येते. बोलणाऱ्याला म्हणायचे असते की खात्यांत ताळमेळ नाही. ताळमेळ हा चांगला शब्द आपल्याकडे आहेच. तारतम्याला त्या कामाला जुंपले की कमीअधिक जोखण्याच्या कृतीला नाव उरत नाही, आणि नाव नसलेल्या गोष्टीची मागणी करणे कठीण होते.

आता 'स्वेच्छाधिकार' या शब्दाकडे यावे. हा शब्द मुंबईकरांच्या ओळखीचा झाला तो घरांमुळे. शहरात एकाने किती मोकळी जमीन बाळगावी याला मर्यादा घालणारा नागरी कमाल जमीन धारणा कायदा 1976 साली आला, आणि त्याखालच्या योजनांत बांधलेल्या इमारतींतल्या काही सदनिका मुख्यमंत्र्यांच्या हाती वाटपासाठी येत. वर्तमानपत्रे त्यांना वर्षानुवर्षे 'स्वेच्छाधिकार कोटा' म्हणत आली. महाराष्ट्राने तो कायदा 2007 साली रद्द केला, पण शब्द टिकून राहिला. ज्याला घर मिळाले तो का पात्र होता आणि ज्याला मिळाले नाही तो का नव्हता, या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दातच देऊन टाकले आहे: इच्छा झाली म्हणून. पेशवाईच्या कागदांतला 'मर्जी' हा शब्द आणि आजचा 'स्वेच्छा' हा शब्द यांत पोशाखाचा फरक सोडला तर फारसा फरक नाही. सरकारी कचेरीबाहेर चहा पीत उभा असलेला माणूस 'शेवटी साहेबांची मर्जी' म्हणतो तेव्हा तो परिभाषेचा बिनचूक अनुवाद करत असतो. राज्यपालांच्या संदर्भात 'स्वविवेक' असा शब्द वापरतात, तो बरा आहे, पण त्यातही 'स्व' पुढे उभा आहे.

कायद्याला मात्र ही इच्छा कधीच मान्य नव्हती. ज्या इंग्रजी परंपरेतून 'डिस्क्रिशन'ची, म्हणजे अधिकाऱ्याने स्वतः ठरवण्याची, ही संकल्पना आपल्या कायद्यात आली, तिथे 1598 साली रूक यांच्या खटल्यात कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी हा भेद स्वच्छ केला होता. प्रकरण नाल्यांच्या आणि बांधांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आयुक्तांचे होते. त्यांनी थेम्सच्या काठाच्या दुरुस्तीचा सगळा खर्च एकाच जमीनमालकावर टाकला होता, शेजारच्या ज्यांच्या जमिनी त्याच बांधामुळे वाचणार होत्या त्यांना मोकळे सोडले होते. आयुक्तांना आपल्या समजुतीप्रमाणे वागण्याचा अधिकार होता हे खरे. पण ही समजूत म्हणजे खऱ्याखोट्यातला, सावली आणि वस्तू यांतला फरक ओळखण्याची विद्या आहे, स्वतःच्या इच्छेप्रमाणे आणि आवडीनिवडीप्रमाणे वागण्याची मुभा नव्हे, असे कोक यांनी म्हटले. म्हणजे ज्या अर्थाला कायद्याने चारशे वर्षांपूर्वी नावानिशी बाहेर काढले, तोच अर्थ आपण मराठी शब्द घडवताना आत घेतला. आणि त्या आयुक्तांची चूक पाहिली तर ती तारतम्याचीच होती: शेजारच्या जमिनी त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत.

मुंबईचे दोन खटले या बाबतीत मला फार मोलाचे वाटतात. पहिला अंधेरीच्या एका चित्रपटगृहाचा. गोरधनदास भानजी यांना 1947 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी चित्रपटगृह बांधायला परवानगी दिली आणि थोड्याच महिन्यांत ती रद्द झाल्याचे पत्र पाठवले. पत्राची भाषा अशी होती की, परवानगी रद्द केल्याचे आपणांस कळवावे असा मला शासनाचा आदेश आहे. पुढे न्यायालयात सांगितले गेले की निर्णय आयुक्तांनी स्वतःच घेतला होता. 1951 साली सर्वोच्च न्यायालयात न्या. विव्हियन बोस यांनी ते मान्य केले नाही. अधिकार आयुक्तांचा होता, तो त्यांनी स्वतः विचार करून वापरायला हवा होता. आणि सार्वजनिक आदेश त्यातल्या शब्दांवरून वाचला जाईल, त्या वेळी माझ्या मनात काय होते हे अधिकाऱ्याने नंतर सांगून चालणार नाही. 'स्वेच्छा' या शब्दाने आपली किती फसगत होते ते इथे दिसते. आपल्याला वाटते की धोका अधिकाऱ्याच्या इच्छेचा आहे, पण पुष्कळदा ती इच्छा वरच्या मजल्यावरून आलेली असते आणि सही करणारा नुसता टपाल्या असतो. दुसऱ्याच्या इच्छेवर सही करता येते. दोन प्रकरणे समोर ठेवून त्यांतला फरक जोखण्याचे काम मात्र ज्याने केले त्यालाच कागदावर उतरवता येते.

दुसरा खटला ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका. 1981 च्या पावसाळ्यात पदपथांवरच्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांना हटवून शहराबाहेर धाडण्याची मोहीम निघाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, या वाक्यासाठी तो निकाल सर्वत्र सांगितला जातो. माझे लक्ष त्यातल्या लहानशा भागाकडे जाते. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 314 प्रमाणे आयुक्त अतिक्रमण 'नोटीस न देता' काढू शकतात. न्यायालयाने विचारले की 'शकतात' याचा अर्थ काय, आणि उत्तर दिले की हे कलम नोटीस देऊ नका असे बजावत नाही. नोटीस देऊन की न देता, हे ठरवण्याचा अधिकार देते. तो अधिकार वाजवीपणे वापरायचा, नोटिसीशिवाय कारवाई करायची ती थोडाही उशीर चालणार नाही अशा तातडीच्या वेळीच, एरवी त्या माणसाचे म्हणणे ऐकायचे. एकाच कलमाखाली येणाऱ्या प्रकरणांत तातडीचे आणि बिनतातडीचे असा फरक करायला लावणे, याला मराठीत दुसरा शब्द नाही. लोकांच्या बाजूने सगळा निकाल लागला नाही, पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही, आणि त्याबद्दलची हळहळ मला आजही वाटते. तरीही हटवायचे ते 31 ऑक्टोबरनंतर, म्हणजे पाऊस पूर्ण सरल्यावर, असे त्या निकालात लिहिले गेले. जुलैत घर मोडणे आणि नोव्हेंबरात घर मोडणे यांतला फरक कायद्याच्या कोणत्याही कलमात नव्हता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. अधिकाऱ्याच्या हाती असा अधिकार ठेवला की तो विकला जातो, म्हणून तो काढूनच घ्यावा, असे अनेक प्रामाणिक माणसे म्हणतात. मुंबईच्या बांधकामांचा इतिहास त्यांच्या बाजूने आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत, नियम काटेकोर पाळल्यास खरोखर दाखवता येईल अशी अडचण होत असेल तर सूट देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना होता. अरुंद, वाकड्या भूखंडासाठी अशी सोय लागतेच. पण सवलती मोठ्या प्रमाणावर दिल्या जाऊ लागल्या. बाल्कन्या, फुलझाडांचे कठडे, मोकळ्या पोकळ्या चटईक्षेत्राच्या, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्याच्या, हिशेबाबाहेर राहिल्या आणि पुढे घरातच सामावल्या गेल्या. शेवटी जानेवारी 2012 मध्ये नियम बदलून हे सगळे हिशेबात धरले गेले आणि त्याबदली निवासी इमारतींना 35 टक्के 'फंजिबल', म्हणजे हव्या त्या भागासाठी वापरता येणारे, जादा चटईक्षेत्र शुल्क भरून ठरावीक दराने मिळू लागले. तो बदल आवश्यक होता असे मीही मानतो.

पण त्यातून काढायचा धडा कोणता, यावर माझे मत वेगळे आहे. अडचण ही अपवादाची अट होती, आणि अपवाद म्हणायचे तर एका भूखंडाची अडचण दुसऱ्या भूखंडाच्या अडचणीपेक्षा अधिक आहे हे कुठेतरी लिहिले जायला हवे. सरसकट सगळ्यांनाच सूट मिळते तेव्हा कोणी कोणाशी ताडून पाहिलेले नसते. तिथे तारतम्य जास्त झाले म्हणून घोटाळा झाला असे म्हणता येत नाही. ते गैरहजर होते, आणि त्याच्या जागी इच्छा बसली होती. ज्या बाबी मोजता येतात त्या नियमाने बांधाव्यात, यात वाद नाही. उरलेल्या बाबी नियमाने बांधल्या तर अन्याय थांबत नाही, तो फक्त कोणाच्या नावावर लिहिला जात नाही.

याचा अनुभव मी लालबागच्या एका मावशींबरोबर घेतला. त्यांचे पती गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गिरणीही गेली आणि काही वर्षांनी तेही गेले. गिरणी कामगारांच्या वारसांसाठीच्या एका अर्जाकरिता आम्ही एका कार्यालयात गेलो. एका कागदावर पतीचे नाव विठोबा, दुसऱ्यावर विठ्ठल. खिडकीवरच्या तरुणाने कागद परत सरकवले. "मावशी, नाव जुळत नाही. सिस्टीम घेतच नाही, मी काय करू?" त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. ज्या गावात विठोबाला विठ्ठल म्हणतात आणि विठ्ठलाला विठू, त्या गावचा तोही असावा. त्याला फरक कळत होता, पण कळण्याचा अधिकार त्याच्या खुर्चीला नव्हता, आणि ज्यांना होता त्यांच्याकडे जायला ओळख लागते असे आम्हाला रांगेतल्या दोघातिघांनी आपुलकीने सांगितले. आम्ही चार वेळा गेलो. चौथ्या वेळी एका महिला अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, वय, गाव आणि गिरणीतला तिकीट नंबर बोटाने ताडून पाहिला, आणि अर्जाच्या मागे शेरा लिहिला: दोन्ही कागदांवर वय, मूळ गाव व तिकीट क्रमांक एकच आहेत, नावातील फरक हा व्यक्तीतील फरक नाही, अर्ज दाखल करून घ्यावा. खाली सही, तारीख.

मला सुचवायचे आहे ते या तीन ओळींपेक्षा अवघड नाही. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 मध्ये, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयांची कारणे कळवावीत असे आधीच म्हटले आहे. राज्याचा राजभाषा अधिनियम 1964 चा आहे, आणि परिभाषा घडवणारे भाषा संचालनालय त्याच्याही आधीचे, 1960 सालचे. तेव्हा 'स्वेच्छाधिकार' हा शब्द परिभाषेतून आणि आदेशांतून काढून त्या जागी 'तारतम्याचा अधिकार' असा शब्द घालायला कोणतीही कायदेशीर अडचण मला दिसत नाही. नाव बदलल्याने माणसे बदलत नाहीत, असे कोणी म्हणेल. माणसे बदलणार नाहीत, पण त्यांच्याकडे मागायची गोष्ट बदलेल. इच्छेला कारण विचारता येत नाही. तारतम्याचा अधिकार म्हटले की, नाकारलेल्या अर्जाची प्रत हातात घेऊन पहिल्याच अपिलात मावशींसारख्या कोणालाही सरळ विचारता येईल, की माझा कागद तुम्ही कोणत्या कागदाशेजारी ठेवून पाहिला, आणि ते कुठे लिहिले आहे.